सहा सेकंद आधीचा गोल

डिशवाल्याने भिंतीला कान लावला, डाव्या हातातल्या मोबाइलवर घड्याळ चालू करायला अंगठा तयार ठेवला आणि उजव्या हाताने सगळ्यांना गप्प राहण्याची खूण केली. सगळे म्हणजे दोघंच: तक्रार करणारे घरमालक, ज्यांना सगळे धाकटे म्हणत, आणि त्यांची बायको. टीव्हीवर बॉल अजून मैदानाच्या मध्यात रेंगाळत होता.

भिंतीपलीकडून आरोळी आली, "गोऽऽल!"

धाकट्यांनी ताडकन उठून भिंतीवर तीन थापा हाणल्या. मग तिघंही टीव्हीकडे बघत राहिले. बॉल एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात गेला, तिसऱ्याने तो उगाच मागे ढकलला, आणि मग कुठे सावकाश जाळ्यात जाऊन बसला.

"सहा पूर्णांक दोन," डिशवाला मोबाइलकडे बघत म्हणाला.

"ऐकलंत ना? माझा गोल मला शिळा मिळतो. तो शेजारचा आधी खातो आणि उष्टा इकडे पाठवतो."

"मी भाजी आणा म्हटलं की यांना सहा दिवस लागतात," बायको म्हणाली. "त्याची तक्रार कुठल्या नंबरवर करायची?"

डिशवाला हसला नाही. दुपारपासूनचं हे पाचवं घर होतं आणि या घरची ही तिसरी खेप. पहिला आला त्याने बॉक्स बदलला, दुसऱ्याने वायर बदलली, आणि तिसऱ्या वेळी साहेबांनी याला पाठवलं. याचे गुडघे गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. म्हणून ज्या तक्रारी दुरुस्त होत नाहीत, त्या समजावून सांगण्याचं काम याच्याकडे आलं होतं. दिवसभर सिग्नल, पिक्सेल, डीकोडर हेच शब्द चघळून संध्याकाळी त्याचा जबडा दुखायचा.

"हे बघा," तो सवयीने म्हणाला. "मैदानावरचं चित्र आहे तसं पाठवलं तर आभाळ पुरायचं नाही. म्हणून त्याची आधी वळकटी करतात. दाबून, आवळून. त्याला कॉम्प्रेशन म्हणायचं. ती वळकटी छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जाते, तेवढीच खाली येते आणि..."

"म्हणजे वेळ तिथेच जातो!"

"छे. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद. वेळ जातो तो बांधाबांधीत आणि सोडासोडीत. लग्नाला निघालेल्या घरासारखं. प्रवास तासाचा, आवराआवर दिवसाची."

"आणि शेजारच्याची वळकटी कोणी बांधत नाही वाटतं?"

"त्यांचा जुना अँटेना असेल. ते चित्र अंगावरच्या कपड्यांनिशी निघतं आणि थेट घरात येतं."

"मग माझं लवकर करा."

"ते होत नाही."

"मग त्याचं उशिरा करा!"

धाकटे हे रागाने बोलून गेले होते, पण डिशवाल्याला तिथे उत्तर दिसलं. तक्रार बंद होण्याच्या आशेने त्याच्या अंगात जरा जीव आला.

"ते होतं," तो म्हणाला. "तुमच्या डिशपुढे दांडीवर जो डबा आहे ना, त्याला दुसरं तोंड रिकामं आहे. तिथून एक वायर त्यांच्याकडे टाकली आणि बॉक्स बसवला, की दोन्ही घरांत गोल एकाच क्षणी."

धाकटे बराच वेळ नखं बघत बसले.

"बसवा," शेवटी ते म्हणाले. "माझ्या नावावर. पण माझं नाव काढू नका. कंपनीची योजना आहे म्हणा."

बायकोच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

हे एकच घर होतं पूर्वी. आई गेली, कपाटापासून कढईपर्यंत सगळ्यावरून भावाभावांत वाजलं, आणि हॉलच्या बरोबर मधोमध चार इंचांची भिंत उभी राहिली. तिलाही आता तीन वर्षं झाली होती. खिडकीची एक झडप इकडे आली, दुसरी तिकडे गेली. भिंत इतकी पातळ, की इकडे कोणी शिंकलं तर तिकडचा चहा निवायचा. तरुणपणी दोघं एकाच संघात खेळले होते, थोरले गोलकीपर आणि धाकटे पुढच्या फळीत. संघ हरला की दोष मधल्या नऊ जणांचा, हे ठरलेलं.

डिशवाला नवा बॉक्स काखेत मारून जिना उतरला, पलीकडचा चढला आणि मधल्या पायरीवर गुडघ्यांसाठी थांबला. थोरल्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात ट्रान्झिस्टर होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर चादर घातली होती, आणि अँटेनाची वायर खिडकीबाहेर तुटून लोंबत होती. एक खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवलेली होती.

"टीव्ही..." डिशवाला म्हणाला.

"गेला. वर्ष होत आलं. चांगला होता बिचारा." थोरल्यांनी ट्रान्झिस्टर थोपटला. "हा बरा. वळकटी नाही की बिस्तरा नाही."

डिशवाल्याने भिंतीकडे पाहिलं.

"ऐकलं मी सगळं," थोरले म्हणाले. "चार इंच म्हणजे काय हो, पापड आहे तो. कंपनीला माझा नमस्कार सांगा. कंपनी लहानपणापासून अशीच आहे. द्यायचं तर देईल, पण हात मागे बांधून."

"मग लावून टाकू? नवा टीव्ही घ्याल तोवर बॉक्स तयार असेल. दोघांना एकाच वेळी दिसेल."

"एकाच वेळी?"

"अगदी एका क्षणी."

थोरले खुर्चीत बसले, पण पाठ भिंतीपासून सुटी ठेवून. आवाज त्यांनी खाली आणला.

"पूर्वी मी अँटेना फिरवायला गच्चीवर चढायचो आणि तो खाली खिडकीत उभा राहायचा. 'आलं का?' 'आलं, आलं!' 'आता?' 'गेलं रे, दादा!' अर्धा-अर्धा तास. शेजारचे शिव्या द्यायचे. तुम्ही लोकांनी चित्र आरशासारखं केलंत, पण ओरडायचं काही ठेवलं नाहीत."

डिशवाल्याने बॉक्स दुसऱ्या काखेत घेतला. त्याचं अर्धं आयुष्य गच्च्यांवर त्याच आरोळ्या ऐकण्यात गेलं होतं.

"आता मी गोल म्हणून ओरडतो आणि तो तीन थापा मारतो," थोरले म्हणाले. "तीन वर्षांत आमच्यात तेवढंच बोलणं आहे. दोघं एकदम ओरडलो, तर कोण कोणाला ऐकणार? न्या तुमचा बॉक्स."

"मी तिकडे काय सांगू?"

"नको म्हणाला, एवढंच."

डिशवाला जिना उतरला आणि परत चढला. धाकटे दारातच उभे होते. त्याच्या काखेतला बॉक्स त्यांना आधी दिसला.

"नको म्हणाले."

"कंपनीचं असून नको?"

"नको म्हणाले."

"ताठाच तसला." धाकटे आत येऊन बसले. मग टीव्हीकडे बघतच त्यांनी विचारलं, "दिसतो कसा?"

"वाळलेत जरा. आवाज खणखणीत आहे."

"तो आहेच."

मोबाइलवर साहेबांचा प्रश्न येऊन पडला होता: तक्रार मिटली का, हो की नाही. डिशवाल्याचा अंगठा 'नाही'कडे निघाला, कारण 'हो' म्हणण्यासारखं काही झालं नव्हतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली.

"गोऽऽल!"

धाकट्यांचा हात थापेसाठी उठला. टीव्हीवर बॉल रेषेबाहेर गेला होता आणि एक खेळाडू वाकून बुटाची नाडी बांधत होता. सहा सेकंद झाले. त्याने दुसऱ्या बुटाची नाडी घेतली. दहा झाले. बॉल कोणीतरी आत फेकला आणि तो पुन्हा बाहेर गेला.

"चुकले भावजी," बायको म्हणाली.

"दादा चुकत नाही," धाकटे म्हणाले.

त्यांचा हात अजून वरच होता. उठून तो त्यांनी भिंतीवर टेकवला, पण वाजवला नाही. मग वळले आणि एका पायात स्वतःची, दुसऱ्यात बायकोची चप्पल सरकवून बाहेर पडले. जिन्यावर त्या दोन चपलांचे दोन वेगळे आवाज उतरत गेले.

डिशवाला न सांगता खुर्चीवर टेकला, दुपारपासून पहिल्यांदा. बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला. पलीकडची बेल वाजली. बऱ्याच वेळाने कडी निघाली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पाठोपाठ दुसरी सरकल्याचा.

टीव्हीवर खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. गोल झाला होता, आणि भिंतीपलीकडून आधी कोणीच ओरडलं नव्हतं.