पिवळ्या धुक्याची खोली

ट्राममधून उतरता उतरता वीबे म्हणाला, "हे शेवटचं हं, लीनेके. उद्या माझं म्यूझियमचं कार्ड परत करून टाक. आंधळ्याला चित्रं दाखवून काय मिळतं तुला?"

"आंधळा म्हणे! काल केकचा मोठा तुकडा बरा दिसला," मी म्हटलं आणि नवऱ्याला दंडाला धरून चालवायला लागले.

रविवारी म्यूझियम हा आमचा रॉटरडॅममधला लग्नापासूनचा नेम. नवी चित्रं, नव्या धाटणीच्या खुर्च्या, दिवे, किटल्या. वीबे नावं ठेवायचा, मी पाय दुखतात म्हणून कुरकुरायचे, आणि मग क्रीम घातलेला सफरचंदाचा केक. गेल्या वर्षी त्याच्या नजरेत बरोबर मधोमध काळं भोक पडलं. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझा चेहरासुद्धा नाही. सायकल सुटली, मित्र सुटले. आता हेही सुटलं तर हा माणूस खिडकीशी बसून वाळून जाईल, याच धास्तीनं माझी झोप उडाली होती.

खुर्च्यांच्या दालनात त्यानं विचारलं, "समोर काय आहे?"

"खुर्ची."

"अगं, पण कशी?"

"लाल. चार पाय आहेत."

"वा! तुला इथे नोकरीच देतील." पण हसला नाही. "चल, घरी जाऊ."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. शेवटची एक खोली उरली होती, तिकडे त्याला जवळजवळ ढकललंच. दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आत रंगीत उजेडात धुकं सोडलंय, तीच कलाकृती. कठडा धरून चाला. घंटा झाली की पलीकडच्या दारानं बाहेर या."

दार मिटलं आणि जगच गेलं. वर, खाली, पुढे, मागे नुसतं पिवळं! अंड्याच्या बलकात बुडाल्यासारखं. हात नाकासमोर धरला तर हातच नाही.

"वीबे! अरे, आहेस कुठे?"

"हा काय. किंचाळू नकोस." त्यानं माझा हात पकडला. "डोळ्यांचं विसर. पाय घासत ये. मी रोज असाच चालतो."

आणि चक्क तो पुढे, मी मागे! वर्षभर मी त्याला ओढत होते. चालता चालता तो एकदम थांबला. माझी बोटं त्यानं इतकी आवळली की दुखली.

"लीनेके, भोक नाहीये."

"काय?"

"सरळ समोर बघतोय मी. पिवळंच पिवळं. कुठेही तुटलेलं नाही. अख्खं आहे गं!"

पिवळं हळूहळू बदलत गेलं.

"आता केशरी झालं ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"आता गुलाबी. बघ, बघ!"

मी बघत होते. आयुष्यात एवढी चित्रं पाहिली, पण असा काटा अंगावर कधी आला नव्हता. कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं एकच गोष्ट बघत होतो.

"पुढच्या रविवारी लवकर येऊ," तो कुजबुजला. "तेव्हा गर्दी नसते."

घंटा झाली. बाहेरून त्या बाईंची हाक आली, "अहो, वेळ संपली! या बाहेर!"

"येतो हो!" वीबेनं आवाज चढवला. "पण दार सापडत नाहीये. मला दिसत नाही ना!"

मी चाचपून पाहिलं. त्याचा दुसरा हात दाराच्या मुठीवरच होता.

"हो ना!" मीही ओरडले. "मलाही दिसत नाहीये!"