उद्याच्या आराखड्यातली एक चौकट

मोहोळकडच्या एका साखर कारखान्याचा सगळा कारभार नव्या संगणक प्रणालीवर जायचा होता. त्यासाठी सोलापूरहून आलेल्या संघप्रियानं भिंतीवर दोन आराखडे डकवले होते, एक आजचा आणि एक उद्याचा; दोन्हींत प्रत्येक कामाची एक चौकट. आजची एखादी चौकट उद्याच्यात दिसली नाही, की तिला एवढंच ठरवायचं असे: ही मुद्दाम काढली, की चुकून राहिली?

वजनकाट्याजवळचा भोंगा तिनं बिनधास्त काढून टाकला होता. काट्यावरचा रामहरी त्यावरून उसाच्या गाड्यांचे नंबर पुकारायचा, आणि नंबर तर आता मोबाईलवरच जाणार होते.

दुपारी ती गाड्यांच्या रांगेतून चालली असताना भोंगा खरखरला. "एकशेबारा नंबर, काट्यावर या!" मग तोच आवाज एकदम मऊ झाला. "लाल टोपडं घातल्यालं लेकरू गाडीत जागं झालंय. आई नळावर असंल तर बिगीबिगी या की. रडू नगं रं बाळा, आई आलीच बघ."

कळशी तिथंच टाकून एक बाई धावत सुटली. लेकरू मात्र रडायचं विसरून भोंग्याकडं टकामका बघत होतं.

संघप्रिया तडक रामहरीच्या केबिनमध्ये शिरली. "मामा, तुमची कामं विचारली तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

रामहरी लाजला. "ताई, ह्ये काम कुटं हाय? ह्ये आपलं असंच."

तिनं उद्याच्या आराखड्यात भोंग्याची चौकट पुन्हा आखली. माणसाच्या रकान्यात रामहरीचं नाव घातलं. कामाच्या रकान्याशी ती जरा अडली, आणि मग ठळक अक्षरात लिहिलं: असंच.