घाण्याची हळद आभाळात

सारिकेच्या हळदीच्या दिवशी तिचा आजोबा आभाळात गेला, आन् जाताना हळदबी घिऊन गेला. हसू नका. मी माज्या डोळ्यांनी बघितलंय, आन् तवा मोतीबिंदूबी काढल्याला व्हता.

त्याच सकाळी आमच्या घाटात बैलगाड्यांची शर्यत. आमच्याकडं गाडा चढणीवर पळतो, बैलं आपली आपण पळत्यात, वर कुणी बसत न्हाई. पण माजं मालक, सारिकेचं आजोबा महिपतीआबा बसलं! नातीच्या लग्नात दाखवाया फोटू पायजे म्हनं. उधळायला भंडाऱ्याची पिशवी घ्यायची, तर उचलली घाण्याची हळद. पाच सवाष्णींनी गाणी म्हणत जात्यावर दळल्याली. दोनी पिशव्या पिवळ्या, येड्याला काय कळतंय!

बैलं असली उधळली, की घाट संपला तरी थांबंनात. चढणीवरनं सुटली ती सरळ आभाळात. गाडा खाली पडत व्हता, न्हाई असं न्हाई. पण पळण्याचा जोर एवढा, की तो पडंस्तवर खालची जमीनच वाकून पुढं जायची. मग पुन्यांदा पडायचं. असा पडत पडत पृथ्वीला फेऱ्या घालाया लागला.

तुंगार्लीच्या तळ्याकाठच्या मांडवात नवरदेवाची आई रतनबाई तोंड फुगवून बसल्याली.

"बयाबाई, माज्या प्रज्ञेशला दुकानातली पुडी चालायची न्हाई. उन्हं कलायच्या आत घाण्याची हळद आली न्हाई, तर आमची गाडी माघारी."

सारिका रडाया लागली. मी आबांना फोन लावला. गाडा भुशी धरणावर आला की रेंज यायची, वडगाव मावळ मागं पडलं की तुटायची.

"अवो, खाली या की!"

"यायलोय! पण बैलांची खुरं कशालाच टेकंनात. म्हणून भंडारा मूठमूठ मागं उधळतोय. गाडा लय जोर धरतोय बघ!"

फोन तुटला. पुढच्या फेरीला मगाशी घारीएवढा दिसणारा गाडा माशीएवढा झाल्याला, आन् आलाबी उशिरा. जोर लावला तसा वर चढला, आन् वर चढता चढता मंदावला. चढणीला बैलं दमत्यात, तसंच की.

मग मी डोकं चालवलं. ल्हानपणी तुंगार्लीच्या तळ्यात होडीतनं पुढं काठाला उडी मारली, तर होडी मागं सरकल्याली. मी पुन्यांदा फोन लावला.

"अवो, तो भंडारा न्हाई, सारिकेची हळद हाय! आन् मागं नगं, पुढं फेका! शिंगांवरनं पुढं!"

"मग गाडा मागं हटंल की!"

"त्येच पायजे!"

"बये, माजा गाडा मागं हटल्याला आजवर कुणी बघितला न्हाई. शर्यतीत माज्यावर जळणारा त्यो गोरख गावभर सांगंल!"

"गोरख जेवाय बसलाय. तुमाला गाडा मोठा का नात?"

आबांचा बारीक आवाज आला, "फेकतो."

फेकली तसा गाडा खाली झुकला, आन् पयल्यापरीस जोरात पळाया लागला.

"अगं, मागं हटायचं सोडून त्यो तर जास्तीच पळतोय!"

"उतरणीला गाडा कधी मंदावलाय व्हय?"

हवेला घासून चाकांच्या लोखंडी धावा लालबुंद झाल्या, आन् गाडा, बैलं, आबा, समदं तुंगार्लीच्या तळ्यात धप्पकन पडलं. एवढा वेग, तो काय कुटं हरवतोय? पाण्यात उतरला. तळं वाफाळाया लागलं. बंगलेवाले टावेल घिऊन पळत आले.

पिशवी बघितली, तर रिकामी. बरीच हळद वरच राहिली, बाकीची तळ्यात इरघळल्याली. रतनबाई निघाया उठली.

मी म्हनलं, "विहीणबाई, पिवळं पाणी हाय, ऊनबी हाय. हळद आन् न्हाण एकदमच उरका."

तिनं बोट बुडवून वास घेतला. "घाण्याचीच हाय," म्हनली, आन् प्रज्ञेशला ढकलला तळ्यात. त्याचे कान अजून पिवळे हायेत, बघा.

सारिका हसली. आबा मातर चिखलातनं डोकं काढून हळूच इचारत्यात, "गोरखनं बघितलं का गं, मागं हटल्यालं?"

"न्हाई वो," मी म्हनलं. "जिलबी खात व्हता."