दुसरी जीभ

“आधी तळहात, मग जीभ. पळी ओठाला लावलेली दिसली, तर पुन्हा चुलीपाशी पाय ठेवायचा नाही.”

चाळीस वर्षं झाली त्या आवाजाला. ज्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली अक्का शिकली, तो कधीच गेला. पण ढवळता ढवळता पळी वर आली, की तो हटकून कानाशी येई. आजही आला. अक्कानं सुपाचे चार थेंब तळहातावर घेतले, जिभेला लावले आणि हात फडक्याला पुसला. मीठ मिठासारखं लागलं, आंबट आंबटासारखं. चव परत येऊन नऊ महिने झाले होते, आणि रोज पहिल्या घोटाला तिला वाटे, नसती आली तर बरं झालं असतं.

सूप सुनेसाठी होतं. सून म्हणजे अक्काच्या धाकट्या बहिणीची. सातवा महिना लागलेली, पाय सुजलेली, अलीकडे गप्प गप्प झालेली. ती आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती. पुढच्या खोलीत धाकटी ऑर्डरच्या कापडी नॅपकिनांच्या घड्या घालत होती. मुलगा कामावर गेलेला. एवढ्यात फाटकाची कडी दोनदा वाजली, आणि घरातली तिन्ही माणसं जिथल्या तिथे थांबली.

सुनेचा भाऊ आला होता. दर पंधरा दिवसांनी यायचा, तीन तासांचा प्रवास करून. कडी दोनदा वाजवायची, पिशवी फाटकाला अडकवायची, चार पावलं मागं सरून रस्त्यावर उभं राहायचं आणि तिथूनच बहिणीशी बोलायचं, असा धाकटीचा नियम होता. त्यानं तो एकदाही मोडला नव्हता.

लग्नाच्या दिवशीही त्यानं एकही नियम मोडला नव्हता.

ते लग्न धाकटीच्या मुलाचं आणि स्वयंपाक अक्काचा. अक्कानं स्वतः लग्न केलं नाही. बहिणीच्या घरातच राहिली, आणि दोघींनी मिळून वीस वर्षं लोकांच्या लग्नांत जेवणं घातली. घरचं लग्न हे पहिलंच. साथीपायी तारीख दोनदा पुढं गेली होती. तिसऱ्यांदा पन्नास माणसांची परवानगी मिळाली, तेव्हा धाकटीनं यादी इतक्या वेळा खोडली की दोन चुलत घरं अजून तिच्याशी बोलत नाहीत. हॉलमध्ये टेबलं सहा सहा फुटांवर मांडली. रांगेसाठी जमिनीवर खडूच्या रेघा आखल्या. दारात ताप बघणारा माणूस, वाढपी हातमोजे घातलेले, तोंडाला मुसक्या बांधलेले. “लग्न आहे की ऑपरेशन, तेवढं सांगा, म्हणजे तसं तोंड करून बसतो,” असं मेहुणे म्हणाले आणि सगळा भटारखाना मास्काआड हसला.

मेहुणे म्हणजे धाकटीचा नवरा. नातं एकट्या अक्काचं, पण भांडी घासणाऱ्या बायांपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे त्यांना मेहुणेच म्हणत. नोकरी एका कचेरीत, जीव मात्र या पातेल्यांत. अक्काची जीभ पहिली, त्यांची दुसरी. ती चाखायची, मग त्यांच्या तळहातावर चार थेंब सोडायची. ते डोळे मिटून, काहीतरी लांबचं ऐकावं तसे उभे राहायचे आणि निकाल द्यायचे. तो आल्याशिवाय पातेलं बाहेर जात नसे.

त्या सकाळी अक्काला चहा लागला नाही. नुसतं गरम पाणी. साखर वाढवली, तरी गरम पाणी. तिनं लवंग चावली. काडी चावावी तशी ती दाताखाली मोडली. काय झालंय ते तिला कळलं. महिनोन्महिने पेपरांत दुसरं होतं काय? पण बाहेर मंडप बांधून झाला होता, नवरी सजून बसली होती, आणि धाकटी कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा गुणगुणत होती. अक्कानं स्वतःला सांगितलं, सर्दी आहे. तेच दोनदा सांगितलं, मग हातमोजे चढवले.

भात मापानं झाला. गोड मापानं झालं. रस्सा मात्र मापाला जुमानत नाही. चाखायचा, तर तळहातावर रबर. रबरावर घेतलेल्या थेंबांना रबराचाच वास, असं वाढपी सकाळपासून कुरकुरत होते. तिनं मास्क खाली ओढला आणि पळी सरळ ओठाला लावली. काही नाही. मीठ टाकलं, पुन्हा लावली. काही नाही. तेवढ्यात मागून मेहुणे आले, काय म्हणतोय रस्सा, विचारत. तिला वळून सांगता आलं असतं. दुसरी पळीसुद्धा हाताशी होती. पण वीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप पुढं झाला, आणि हातात होती तीच पळी त्यांच्यापुढं आली. त्यांनी फुंकर मारून घोट घेतला, डोळे मिटले.

“झकास,” ते म्हणाले.

ती सुटल्यासारखी भाताकडे वळली.

सुनेच्या भावाचा रिपोर्ट चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आला. मेहुण्यांचा ताप पाचव्या. भाऊ परगावाहून आलेला, जेवताना दोनदा खोकलेला. सगळ्यांनी बोट त्याच्याकडे केलं. अक्का चार दिवस झोपून होती, पण लग्न उरकल्यावर कुठला आचारी चार दिवस झोपत नाही? घरच्यांच्या तपासण्या होईपर्यंत तिच्यात आजाराचं काही उरलं नव्हतं. मेहुणे अठरा दिवस हॉस्पिटलात होते. भेटायला कुणालाच सोडलं नाही. एकोणिसाव्या दिवशी फोन आला.

आज तो भाऊ फाटकाबाहेर उन्हात उभा होता आणि बहिणीला हसवायला बघत होता. बाळाला सांगून ठेव, म्हणत होता, मामा कसा असतो विचारलं तर म्हणायचं, रस्त्याएवढा लांब. सून हसली नाही. ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली.

“मावशी, तुम्ही सांगा ना आईंना,” ती हळू आवाजात म्हणाली. “बाळ झाल्यावर तरी आत येऊ द्या त्याला. माझ्याकडचं दुसरं कोणी नाही हो.”

पुढच्या खोलीतून, घडी न थांबवता, उत्तर आलं.

“घरातलं माणूस नेलं त्यानं. पिशवी ठेव म्हणावं आणि जा.”

अक्कानं गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं, मग ते उगाच सरळ केलं. पुढच्या खोलीत जाऊन ती बहिणीसमोर बसली. बोललं तर हे घर सुटणार होतं, हे तिला ठाऊक होतं. साठीला आलेल्या बाईनं कुठं जायचं, तेही तिनं नऊ महिन्यांत अनेकदा योजून ठेवलं होतं, आणि दर वेळी मोडलं होतं.

“त्यानं नाही आणलं,” अक्का म्हणाली.

धाकटीनं हातातला नॅपकिन दुमडला.

“त्या सकाळी मला चव नव्हती. चहासुद्धा लागला नव्हता. मला कळलं होतं, तरी मी चुलीशी उभी राहिले. मेहुण्यांना दिली ती पळी आधी माझ्या तोंडाला होती.”

धाकटीनं घडीचे चारी कोपरे जुळवले, ती थप्पीवर ठेवली आणि वरून हात फिरवला. ती आता उठेल, ओरडेल, निदान रडेल, म्हणून अक्का मांडीवरचे हात घट्ट धरून बसली.

“रस्सा खारट झाला होता,” धाकटी म्हणाली.

तिचा आवाज साधा होता, ऑर्डर सांगतानाचा.

“तू भाताकडे वळलीस, तसं त्यांनी दोन तांबे गरम पाणी ओतलं. बटाटे कुस्करून घातले. जमेपर्यंत परत परत चाखून बघितला. संध्याकाळी मला म्हणाले, अक्काची जीभ गेलीय. कुणापाशी बोलू नकोस, ओशाळी होईल ती.”

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. धाकटीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि नजर पुन्हा अक्काकडे आणली.

“म्हणजे तू पहिल्या दिवसापासून…” अक्कानं मधली थप्पी बाजूला सारली. “मग त्याला का गं?”

“कुणाला तरी बाहेर ठेवल्याशिवाय मला जगता आलं नसतं, अक्का. आणि तुला ठेवलं असतं, तर मला होतं कोण?”