कवळीमास्तरांची फौज

"दोन गठ्ठे करायचे म्हणजे कसे, ताई?" कवळीमास्तरांनी विचारलं. "विकत घेतलेले इकडे आणि घरी केलेले तिकडे, असंच ना?"

मी मान हलवली. 

रविवारची सकाळ होती. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत चार टेबलं आहेत, चारही टेबलांवरचा खेळ थांबला होता. वर्षातून एकदा होणारी स्पर्धा त्याच दिवशी होती. खिडकीपाशी कंपनीचा माणूस छातीशी फाईल धरून उभा होता. तरुण होता, आवाज मऊ होता. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"सॉरी काका," तो म्हणाला, "पण नियमच आहे. अधिकृत दुकानातल्या टेबलावर कंपनीकडून घेतलेलेच सैनिक चालतात. घरी बनवलेले काढावे लागतील. आणि खरं सांगू? तुम्ही सांगितल्याशिवाय मला ते ओळखू यायचे नाहीत."

मास्तर हसले. "मग काम चांगलं झालंय म्हणायचं."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दातांच्या एका लॅबमध्ये त्यांनी चाळीस वर्षं कवळ्या केल्या, म्हणून कवळीमास्तर. हे नाव आमच्या रविवारच्या खेळणाऱ्यांनी पाडलं. मी त्यांना ओळखत होते त्याआधीपासून, त्यांच्या मुलामुळे.

मुलाला मी मनातल्या मनात चष्म्या म्हणायची. चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा. शाळा सुटली की यायचा, काचेला नाक लावून उभा राहायचा आणि महिन्याकाठी एखादा सैनिक घेऊन जायचा. बोटाच्या दोन पेरांएवढे ते सैनिक. प्रत्येक जण आपापली फौज जमवतो, हातानं रंगवतो आणि टेबलावर फासे टाकून दुसऱ्याच्या फौजेशी लढवतो, असा हा खेळ. चष्म्याला वल्हेकरी आवडायचे. नदीवरची माणसं, हातात तलवारीऐवजी वल्हं. पुस्तिकेत वल्ह्यांचा रंग तपकिरी दिलाय, हा निळा द्यायचा. मी म्हटलं, "अरे, लाकूड निळं असतं का?" तर म्हणाला, "पाण्यात राहून राहून झालंय."

पंधराव्या वर्षी त्याला रक्ताचा आजार झाला आणि सात महिन्यांत तो गेला. तोवर त्याचे अकरा वल्हेकरी झाले होते. शेवटचे तीन त्यानं इस्पितळात रंगवले होते.

चार महिन्यांनी मास्तर पहिल्यांदा दुकानात आले. खिशातून ती पुस्तिका काढली. "पूर्ण फौज बेचाळीसची असते, असं यात लिहिलंय. अकरा आहेत. एकतीस द्या."

ती फौज कंपनीनं त्याच वर्षी बंद केली होती. मी तसं सांगितलं.

"बंद म्हणजे? कुठंच नाही मिळायचे?"

"कुठंच नाही, काका."

त्यांनी पुस्तिकेची घडी घातली, "बरं" म्हणाले आणि गेले. सहा महिन्यांनी परत आले ते दात ठेवायची छोटी डबी घेऊन. आत कापसावर एक वल्हेकरी होता. स्वतः मेणात कोरलेला, दातांचं माप घ्यायच्या मालातच साचा काढून ओतलेला. मी बघतच राहिले. फक्त रंग जरा बाहेर गेला होता, आणि वल्ह्याच्या निळ्यात थरथर होती.

"मास्तर, एवढा सफाईदार हात तुमचा, मग रंग असा का?"

"शेजारच्या दातासारखा दात करायचा असतो, ताई," ते म्हणाले. "शेजारचा पिवळा असला, वाकडा असला, तर आपलाही तसाच. एकटाच पांढराशुभ्र केला की लगेच नजरेत भरतो. मग माणूस हसायचं सोडतो."

असे एकेक करत सात वर्षांत त्यांनी एकतीस केले. मधल्या काळात खेळही शिकले. पहिलं वर्षभर प्रत्येक डाव हरले. रविवारी दहाच्या ठोक्याला हजर. कुणाच्या सैनिकाचा हात मोडला, मुंडकं निघालं, की मास्तरांकडे आणायचा. ते भिंग लावून म्हणायचे, "या, बसा. आ करा." सगळे हसायचे. तोच विनोद दर रविवारी, आणि दर रविवारी हसायचे.

याच काळात घरोघर थ्रीडी प्रिंटर आले. लोक फौजाच्या फौजा घरी छापू लागले. माझ्याकडे यायचे ते खेळायला आणि पंख्याखाली बसायला. कंपनीनं नवीन करार पाठवला. तुमच्या टेबलावर फक्त आमचा माल, तुमच्या दुकानात घरी बनवलेल्या कशाचीही विक्री नाही, नाहीतर एजन्सी रद्द. मी सही केली. छापणाऱ्यांना आत घेणं बंद केलं. मास्तरांच्या बाबतीत कानाडोळा केला.

आणि आणखी एक गोष्ट केली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गल्ल्याजवळ मी एक काचेची बरणी ठेवली होती. मास्तर फावल्या वेळात सुटे हात, मुंडकी, ढाली करून आणायचे. "कुणाचं मोडलं तर देत जा," म्हणायचे. सुरुवातीला मी तशीच दिली. मग दुकानाचे दिवस फिरले, तशी एके दिवशी त्यांच्या छोट्या पिशव्या केल्या आणि दुकानाचे स्टिकर लावून विकायला ठेवल्या. मास्तरांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले.

त्यातल्याच एका पिशवीचा फोटो कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता. कंपनीचा माणूस त्यामुळे आला होता.

मास्तर गठ्ठे करू लागले. हात चटचट चालत होते. हा त्याचा, हा माझा, हा माझा. कंपनीच्या माणसानं एक उचलून तळ बघितला. "काका, यावर तर आमची खूणही आहे. हे फार गंभीर धरतात वरती."

"साच्यात जे असतं ते उमटतं, साहेब. मुलाच्या एका सैनिकाच्या तळावरून साचा काढला होता. मुद्दाम नाही केलं."

शेवटी इकडे दहा झाले, तिकडे तीस, आणि मधे दोन उरले. मास्तरांनी त्यातला एक उचलला. ठेवला. दुसरा उचलला. चष्मा कपाळावर चढवून दोन्ही खिडकीपाशी नेले, वल्ह्यावरून नख फिरवलं. 

"यातला एक त्याचा आहे," ते म्हणाले. "इस्पितळातला."

ते माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्हाला आठवतं का हो? तुम्हीच दिला असेल त्याला. हा, का हा?"

दोन्ही त्यांनी खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर धरले होते. दोन्ही वल्ह्यांवर तीच थरथर. मला काय कळणार? मी म्हटलं, "नाही हो, मास्तर."

"इतका सारखा करायला नको होता मी," ते पुटपुटले.

कंपनीच्या माणसानं फाईल खाली केली. "काका, दोन्ही इकडे ठेवा, विकतच्यात. मी काही लिहीत नाही."

"छे. खोटं होईल ते." मास्तरांनी दोन्ही सैनिक शर्टाच्या खिशात ठेवले आणि खिशावरून एकदा हात फिरवला.

मग त्या माणसानं माझ्यापुढे मोबाईल धरला. "मॅडम, हा स्टिकर तुमच्याच दुकानाचा ना? हे विकायला कोणी ठेवलं?"

मास्तरांनी वाकून फोटो बघितला. मग दारातून गल्ल्याकडे, त्या बरणीकडे बघितलं. त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांच्या तोंडावर कळलेलं दिसलं आणि लगेच पुसलं गेलं, फळ्यावरचं पुसावं तसं.

मी बोलायला हवं होतं. त्या क्षणी मला फक्त दुकानाची पाटी दिसत होती. बावीस वर्षांची पाटी. मी तोंड उघडलं असेल, नसेल.

"मी ठेवलं," मास्तर म्हणाले. "स्टिकर गल्ल्यावरच पडलेले असतात. ताईंना काही माहीत नाही."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. बहुतेक त्यालाही खरं काय ते समजलं होतं. पण मी खाली बघितलं, आणि त्यानं लिहायला घेतलं. मास्तरांना दुकानात यायला कायमची मनाई. शिवाय एका छापील कागदावर त्यांची सही घेतली, यापुढे घरी अशी कोणतीही वस्तू बनवणार नाही म्हणून. मास्तरांनी कागद दोनदा वाचला, वळणदार अक्षरात सही केली, पेन परत दिलं. बेचाळीसातले चाळीस डब्यात भरले. नेहमीच्या खेळणाऱ्यांपैकी एक नर्स होती, ती डबा धरायला पुढे झाली, तिला म्हणाले, "राहू दे गं, जड नाही."

दारात माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "मला विचारलं असतंत, तर हो म्हटलं असतं."

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ. शरमेला निमित्तं पुष्कळ सुचतात. तिसऱ्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. विक्री अपेक्षेपेक्षा कमी असल्यानं एजन्सी बंद करत आहोत. दोन ओळी होत्या, खाली सहीसुद्धा छापलेली. ज्या पाटीसाठी गप्प बसले ती मी स्वतः शिडी लावून उतरवली आणि दुकानाला कुलूप लावलं.

आणि मग गेले. आता गमवायला काही उरलं नाही तेव्हा गेले, हेही लिहून ठेवते.

दार काकूंनी, मास्तरांच्या पत्नीनं उघडलं. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. बारीक चणीच्या, केस मागे घट्ट बांधलेले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुकानातली ना तू? ये. ते गेले. सव्वा महिना झाला."

मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"झोपेतच गेले. तुला निरोप धाडणार होते मी, पण ते आधीच सांगून बसले होते, तिला कशाला त्रास, तिचं दुकान आहे. आत ये की, दार उघडं ठेवून काय बोलायचं?"

खिडकीजवळ त्यांचं कामाचं टेबल होतं. पुसून स्वच्छ केलेलं, वर काहीच नाही.

"दुसऱ्याच दिवशी साचे फोडले त्यांनी," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, घरात कोण बघायला येतंय? तर म्हणे, सही केलीय. मग नुसते बसायचे इथं. चाळीस वर्षं हात रिकामे नव्हते त्यांचे. काय करावं ते हातांना कळायचं नाही. चहाच्या कपाचा कान चाचपत राहायचे."

"काकू, ते स्टिकर मी लावले होते."

"माहितीये. घरी आल्या आल्या सांगितलं त्यांनी."

मी वाट बघत राहिले. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, तिथून बोलल्या, "फार राग आला होता तुझा. अजून आहे. साखर किती घालू?"

चहा झाला. कप उचलून नेले, टेबल पुसलं. मी निघायच्या बेतात होते तर त्यांनी कपाटातून तो डबा काढून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, देऊन टाकतायत. मी मागे सरकले.

"हे खेळतात कसं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"सात वर्षं दर रविवारी जायचा हा माणूस. मी एकदाही विचारलं नाही. चिडायची मी. पोरगं गेलं आणि हे बाहुल्या खेळतायत, असं वाटायचं. त्या दोघांना यात काय दिसायचं, ते मला दाखव. वेळ आहे ना तुला? आता दुकानही नाही म्हणे."

तर मी बसले. समोरची फौज म्हणून काकूंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली. पुस्तकांचे डोंगर केले, निळा पंचा घडी घालून नदी केली. काकूंनी वल्हेकरी रांगेत मांडले, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, ताटं मांडावीत तशी. मी सांगितलं, आधी चालायचं, मग फासा, मग लढाई. त्या दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा नाही. फासे टाकायच्या आधी हातात फार वेळ हलवायच्या. एकदा माझी तीन बटणं एका फाशात मारली, तेव्हा हसल्यासुद्धा आणि हसल्यावर दचकल्या.

पुढच्या वेळी माझा फासा चांगला पडला. त्यांचा पुढे आलेला एक वल्हेकरी मेला.

"आता याला काढायचं," मी म्हटलं.

"टेबलावरून?"

"हो."

"कुठं ठेवू?"

"बाजूला. कुठंही."

काकूंनी त्याला उचललं. टेबलाच्या कडेकडे हात नेला, मग थांबवला. बाजूला ठेवला नाही. डाव्या मुठीत घेतला आणि मूठ मिटली.

"हं, तुझा फासा," त्या म्हणाल्या.

उरलेला डाव त्या एका हातानं खेळल्या. उजव्या हातानं फासे टाकले, उजव्या हातानं सैनिक सरकवले. हरल्या, तरी पूर्ण खेळल्या. मग सगळे डब्यात भरायला मला सांगितलं आणि दारापर्यंत आल्या. कडी घट्ट बसते त्यांच्या दाराची, दोन्ही हात लागतात. त्यांनी एका हातानं ओढून बघितली, खांद्यानं दार रेटलं, पुन्हा ओढली. मी पुढे झाले तर मानेनंच नको म्हणाल्या. तिसऱ्या ओढीला ती निघाली.