समोरच्या देवळातली भाकर

"भाकरी परत का आणल्यास गं?" दीनाबाईंनी विचारलं.

लीलाबाई शांतवन दारातच उभ्या होत्या. दुपारी दीनाबाईंनी स्वतः बांधून दिलेलं पांढरं धुतलं फडकं हातात जसंच्या तसं होतं, गाठही सुटलेली नव्हती.

"लोक कमी होते आज," त्या म्हणाल्या. चपलांकडे बघत म्हणाल्या, आणि फडकं दीनाबाईंच्या हाती देऊन चहाला न थांबता आपल्या खोलीकडे निघून गेल्या.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी, प्रभुभोजनाच्या दिवशी, बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या ख्रिस्ती मंडळीत लोक कमी होते, यावर दीनाबाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी गाठोडं फडताळात ठेवलं आणि दिवा लावला.

दीनाबाई रोहेकर जनाना दवाखान्यात नर्स होत्या. नवरा शिमशोन रेल्वेत गार्ड. त्याची बदली झाली म्हणून अलिबागकडची ही यहुदी मुलगी तापीकाठी बुऱ्हाणपुरात आली. गावाला त्यांची जात कळेना. शनिवारी चूल पेटत नाही, घरात देव्हारा नाही, बाई मात्र नऊवारी नेसते आणि कुंकू लावत नसली तरी ठसक्यात मराठी बोलते. कुणी पारशी म्हणे, कुणी ख्रिश्चन. शिमशोन हसून कोकणातलं नाव सांगायचा, "आम्ही शनवार तेली!" मग तर लोक घाण्याचं तेल मागायला यायचे.

शिमशोन टायफॉईडनं गेला तेव्हा त्याला पुरायचं कुठं, हा प्रश्न पडला. यहुद्यांचं कब्रस्तान बुऱ्हाणपुरात नव्हतंच. तेव्हाचे म्हातारे पाद्री रात्रीतून आले आणि म्हणाले, "आमच्या इथं कोपऱ्यात चिंचेखाली जागा आहे. अब्राहाम आमचाही बापच आहे." त्या आठवड्यापासून समोर राहणारी मिशन शाळेची मास्तरीण लीलाबाई दीनाबाईंची झाली. दोघींना मूलबाळ नव्हतं. लीलाबाईंचं तर लग्नही झालेलं नव्हतं.

चैत्राच्या पुनवेला दीनाबाईंचा वल्हांडणाचा सण यायचा. कोकणात त्यांची आजी त्याला आंबवणाचं मडकं झाकायचा सण म्हणायची. आठ दिवस घरात आंबलेलं काही नाही, खमीर नाही. बिनखमिराच्या भाकरी, कडू पाला, खजुराचा शिरा आणि काळ्या मनुकांचं सरबत. मिसर देशातली आपल्या पूर्वजांची गुलामी कशी सुटली, ती गोष्ट जेवताना सांगायची. पण घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं आधी विचारायचं असतं, मगच गोष्ट सुरू होते. शिमशोन गेल्यावर विचारणार कोण? लीलाबाई यायच्या, पाटावर बसायच्या आणि शाळेतल्या पोरीसारखा आवाज काढून विचारायच्या, "दीनाताई, आज साधी पोळी का नाही गं?" दीनाबाईंना हसू यायचं आणि रडूही. शेवटी पुढच्या वर्षी यरुशलेमेत भेटू असं म्हणायचं असे. लीलाबाई लगेच म्हणायच्या, "आणि मग लालबागेत कोण राहील?"

त्यांतल्या चार भाकरी समोरच्या ख्रिस्ती देवळात जायच्या. म्हाताऱ्या पाद्र्यांनीच ते सुरू केलं होतं. म्हणायचे, प्रभूचं शेवटचं जेवण वल्हांडणाचंच होतं, तर भाकर त्याच चुलीवरची असू दे. कधी चंद्राच्या हिशेबात वल्हांडण आणि ईस्टर महिनाभर लांब पडत. मग दीनाबाई फक्त देवळासाठी तवा घासून बसत आणि पुटपुटत, "तुमच्या लोकांना धड पुनव मोजता येत नाही." लीलाबाई म्हणत, "तुमच्या लोकांचा अधिक महिना चुकतो!"

पण आता म्हातारे पाद्री नव्हते. शेजारचं होळकरांचं राज्य विलीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी ते वारले. मिशनच्या गोऱ्या मॅडमही मायदेशी परतल्या. स्टेशनाजवळ सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, त्यांची बेकरी सुरू झाली. दीनाबाईंची बहीण बोटीनं इस्रायलला गेली आणि ये म्हणून सारखी बोलावू लागली. आणि मंडळीत नवे पाद्री आले, तरुण, कडक इस्त्रीचे.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यातली आया मथुराबाई लादी पुसता पुसता थांबली. तीही त्याच मंडळीतली.

"बाई, तुले मालूम नाही का? नव्या पादरीबाबानं भाकरी वापस केल्या."

"का?"

"म्हणे, ज्यांनी प्रभूले क्रुसावर दिलं, त्यांच्या हातची भाकर प्रभूच्या मेजावर नको. मग बेकरीतून पाव मागवला."

दीनाबाईंनी हातातली इंजेक्शनची काचेची पिचकारी ताटलीत ठेवली. "लीलाबाई काय म्हणाली?"

"ते काय बोलेल? शाळा मिशनची. पोटाचा सवाल आहे ना, बाई."

पाद्र्याचं बोलणं दीनाबाईंना लागलंच, पण ते परक्याचं. लीला गप्प राहिली, ते आत कुठंतरी रुतलं. दुपारी त्या घरी आल्या आणि भांडी घासायला बसल्या. बहिणीकडे जावं. इथं आपलं काय आहे? चिंचेखालची एक कबर, आणि तीही उद्या कुणाच्या डोळ्यांत खुपेल.

समोरच्या देवळात गुड फ्रायडेची उपासना सुरू झाली. गीत उठलं, पण वेडंवाकडं. बायका एका पट्टीत, पुरुष दुसऱ्या. मध्येच सूर तुटे, कुणीतरी परत उचलून धरी. दीनाबाई ऐकत राहिल्या आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं, पेटी वाजत नाहीये. पेटी तर लीला वाजवते.

राखेचे हात तसेच घेऊन त्यांनी दार उघडलं. लीलाबाई पायरीवर बसल्या होत्या. पांढरं पातळ, डोळे सुजलेले.

"तू इथं काय करतेस?"

"पेटीवर बोटं उठेनात गं." लीलाबाईंचा आवाज बसला होता. "काल मी तोंड उघडलं नाही. त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं आणि मी ते घेतलं, बास."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

दीनाबाईंना बरंच काही बोलायचं होतं, सकाळपासून मनात जुळवलेलं. पण समोरची बाई उपाशी होती, उन्हात बसली होती. त्यांनी हात धुतले, तिला पाणी दिलं.

"ऊठ. आज तुझ्या देवाचा मरणाचा दिवस. मयताला गेल्यावाचून राहतं का कुणी?"

"एकटीनं पाय उचलत नाही."

"एकटी कशाला? मी येते."

शिमशोनच्या मयतानंतर दीनाबाई त्या देवळात पहिल्यांदाच गेल्या. शेवटच्या बाकावर बसल्या. लोकांच्या माना वळल्या. लीलाबाई सरळ पेटीकडे गेल्या, भाता उघडला, आणि फाटलेलं गीत हळूहळू एका सुरात आलं. मग पाद्र्यांनी दाविदाचं स्तोत्र वाचायला घेतलं, देवानं टाकून दिल्याचं. शेवटच्या तापात शिमशोन तेच स्तोत्र म्हणायचा. दीनाबाईंनी पदर तोंडाला लावला. देवळात सगळेच रडत होते. कोण कुणासाठी रडतंय, ते कुणी विचारलं नाही.

बाहेर पडताना पाद्री दाराशी उभे होते. "आपण...?"

"मी गार्ड रोहेकरांची बायको. तिकडं चिंचेखाली निजलेत ते, तुमच्याच लोकांत."

पाद्र्यांचा चेहरा उतरला.  त्यांनी हात जोडले. दीनाबाईंनीही जोडले.

देवळात पुढं त्यांची भाकर कधी गेली नाही. ते पाद्री होते तोवर पावच येत राहिला, आणि नंतरच्यांना कुणी आठवण करून दिली नाही. लीलाबाईंची नोकरी मात्र राहिली. दीनाबाई इस्रायलला गेल्या नाहीत. बहिणीनं विचारलं की पुढच्या वर्षी म्हणायच्या.

त्या शुक्रवारी दोघी घराशी आल्या, तर दारात छकडा उभा होता. निंबोल्याचा कौतिक पाटील बैलांची वेसण धरून ताटकळत होता.

"बाई, चाला जल्दी. सुनेले सकाळपासून तरास होऊन राहिला. मूल आडवं आहे म्हणते दाई."

सूर्य कलला होता. थोड्या वेळात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा कामबंद विसावा, लागणार होता. पण जीव अडला असेल तर शब्बाथही वाट बघतो, असं शिमशोन म्हणायचा. दीनाबाईंनी बॅग घेतली. छकड्यात चढल्या आणि वळून पाहिलं. लीलाबाई रस्त्यातच उभ्या होत्या.

"बघतेस काय? चढ. कंदील धरायला कुणीतरी लागेल."

रस्ता केळीच्या बागांमधून जात होता. दोन्ही बाजूंना पाटाचं पाणी, ओल्या मातीचा गारवा. दोन दिवसांच्या उपासानं आणि रडण्यानं लीलाबाई थकून गेल्या होत्या. निंबोलं येण्याआधीच त्यांचा डोळा लागला आणि मान दीनाबाईंच्या खांद्यावर कलंडली.

"जरा हळू हाका, पाटील, तेवढे खाचखळगे सरेतो," दीनाबाई म्हणाल्या, आणि हादरे लागू नयेत म्हणून त्यांनी आपला खांदा ताठ धरून ठेवला.