मोहाच्या सावलीतली सोलर प्लेट

"काच पुसल्याशिवाय हिच्याकडून काम मागायचं नाही," गुरुजी मुलांना बजावत. मित्रांनो, ती काच माझी. कुरखेड्याकडच्या एका लहान गावातल्या शाळेची मी जुनी सोलर प्लेट आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते सातवीच्या मुलांचे हात. फाल्गुन होता. प्रकल्पासाठी मुलांनी अंगणात काठी रोवली, दिवसभर सावली मोजली आणि जिथं ऊन जास्त, तिथं माझे पाय सिमेंटात घट्ट बसवले. जागा सुचवणाऱ्या, त्याच वर्गातल्या रीतानं तारा जोडल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गिरजाबाई तेव्हा हातपंपावरून डोक्यावर पाणी वाहत. त्यांची मान सारखी दुखे.

"बाई, आता घागर खाली ठेवा," रीता म्हणाली. विहिरीतली मोटर फिरली, नळाला पाणी आलं. गिरजाबाईंनी आधी माझ्या चौकटीला हळदीकुंकू लावलं, मग ओंजळ भरली.

तेवढा दीड महिना मी खरी जगले.

शेजारचा मोह फाल्गुनात पानं गाळून उभा असतो. त्याच्याखाली फुलं वेचणारी तीच मुलं, पण सावली मोजताना तो पुन्हा पालवेल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वैशाखात पालवी दाटली आणि मी झाकली गेले. मोटर कण्हली, थांबली. फुलं देणारा मोह आमच्याकडे कोणी तोडत नाही. तो तोडावा, असं मलाही कधी वाटलं नाही. पुढं गुरुजींची बदली झाली. नवे गुरुजी म्हणाले, "वरून कागद आल्याशिवाय हात लावता येत नाही."

रीता आठवीसाठी बाहेरगावी निघाली. "चूक माझीच हाय, बाई. मी येऊन हिले उन्हात हलवीन. तोवर तुमी काच पुसत जा."

"पुसीन," गिरजाबाई म्हणाल्या.

पुढच्या फाल्गुनात माझ्यावर ऊन आलं, पण पडून पडून मोटर जाम झाली होती. गिरजाबाई तर मोटर थांबली तेव्हापासूनच पुन्हा पाणी वाहत होत्या. देवाला फूल वाहून झालं की त्या मला पुसायला येत.

"बाई, रोज आरसा पुसून काय पाहून राह्यल्या?" मोहाचे मालक मनसाराम विचारत.

"तुमचंच तोंड दिसते भाऊ. म्हणून त पुसून राह्यली."

सहा वर्षं झाली. रीता गडचांदूरला कामाला आहे म्हणतात. ती आली नाही. आता येईल असं मला वाटत नाही.

मित्रांनो, कुणाला उन्हात उभं करायचं असेल, तर आधी त्या जागेचे बारा महिने पाहा. चुकलात तर परत या. उशीर झाला तरी या.

यंदा दिवाळीनंतर शाळा उघडलीच नाही. मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत जातात. खिचडी नाही, गिरजाबाईंचं कामही गेलं.

आत्ता फाटक वाजलं. गिरजाबाई आल्यात. खांद्यावर फडकं आहे, आणि मला पुसायला हातपंपावरून आणलेली घागर डोक्यावर. एक हात मानेवर ठेवून त्या हळूहळू माझ्याकडे निघाल्या आहेत.